दिवाणखान्याची मानकरीण

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या क्लॅरेंडन पार्क भागात लाल विटांच्या घरांच्या लांबच लांब ओळी आहेत. घराला घर चिकटलेलं, पुढे दोन पावलांचं अंगण, मागे अरुंद परस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या अशाच एका घरात आम्ही राहतो आणि त्याच्या पुढच्या खोलीत ती राहते. बाकीचं सामान आम्ही ठेवू तिथे बसतं. तिचं तसं नाही. ती आपली जागा सोडत नाही; उलट इतरांनी कुठे बसायचं हे तीच ठरवते. सोफा तिच्याकडे तोंड करून असतो. ती भिंतीतून पुढे आल्यामुळे तिच्या दोन्ही अंगांना कोनाडे तयार झालेत, एकात पुस्तकं, दुसऱ्यात आमचे देव. भिंतीवर रेडिएटर लागून कैक वर्षं झाली, घराला ऊब तिथून मिळते, तरी पाहुणा आत आला की त्याची नजर आधी तिच्याकडेच जाते.

ती म्हणजे आमची फायरप्लेस. काळ्या स्लेट दगडाची चौकट, म्हणजे सराउंड. दोन बाजूंना दोन खांब, वर मँटलची जाड फळी. चौकटीच्या आत बिडाची कमान, कमानीच्या दोन्ही बाजूंना उभ्या ओळीत पाच-पाच टाइल्स, गडद हिरव्या झिलईच्या. पायाशी हार्थ, जमिनीलगतचा फरशीचा ओटा. बघणाऱ्याला एवढंच दिसतं. हा झाला चेहरा. तिचा खरा देह भिंतीच्या आत आहे: निखाऱ्यांचं पोट, त्यामागे भाजलेल्या मातीची पाठ, वर आवळत गेलेला घसा आणि तिथून छपरापलीकडे पोचणारं धुराडं. तिला नटवायला निघालेली माणसं चेहऱ्यापासून सुरुवात करतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण तिचे सगळे धोके देहात आहेत.

तरुणपणी ती घरात एकटी नव्हती. वरच्या झोपायच्या खोल्यांत तिच्या धाकट्या बहिणी आजही आहेत, अंगाने लहानखुऱ्या, कुणी आजारी पडलं तरच पेटवल्या जाणाऱ्या. मागच्या खोलीतली रेंज, म्हणजे स्वयंपाकाची बिडाची चूल, रोज राबायची. स्वयंपाक, आंघोळीचं पाणी, ओले कपडे, सगळं तिच्या गळ्यात. पुढच्या खोलीतली ही मात्र रविवारी, नाताळात किंवा पाहुणे आले तरच पेटायची. सगळ्यांत कमी काम तिला आणि सगळ्यांत भारी साजही तिलाच. स्लेटवर रंग चढवून, भट्टीत भाजून, त्यावर संगमरवराच्या शिरा उमटवायची कला त्या काळी जोरात होती. खऱ्या संगमरवराची ऐपत नसलेल्या कारकुनांच्या आणि कारागिरांच्या घरांना त्यातून थाट मिळे. कोळसा लांबून आणायला नको होता. लेस्टरशरच्या खाणी जवळच होत्या आणि त्या कोळशावर कोलव्हिल नावाचं आख्खं गाव उभं राहिलं. सकाळी राख उपसायची, बीड ग्रॅफाइटच्या काळ्या पॉलिशने घासून चकाकवायचं, हे काम घरच्या बाईचं, परवडत असेल तर मोलकरणीचं.

तिचं कूळ जुनं. इंग्लंडमध्ये 1662 साली चुलीवर कर बसला होता, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. वसुलीची माणसं घरात शिरून चुली मोजत. लोकांना त्याची इतकी चीड आली की 1689 मध्ये तो रद्द झाला. त्या काळच्या चुली खोल आणि रुंद असत. धूर खोलीत आणि ऊब आभाळात, असा त्यांचा कारभार. 1796 च्या सुमारास काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने त्यांना वळण लावलं. पोट उथळ केलं, उष्णता खोलीकडे परतावी म्हणून बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धूर वेगाने वर ओढला जावा म्हणून घसा अरुंद केला. आमच्या मानकरणीचा घसा त्याच शिकवणीतला.

या कुळाच्या माथी एक पाप आहे आणि ते सांगितल्याशिवाय तिचं चित्र पुरं होणार नाही. अरुंद धुराडी साफ करायला लहान मुलं आत चढवली जात. धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा काजळीशी संबंध आहे, हे लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये दाखवून दिलं. त्यानंतरही शंभर वर्षं मुलं चढतच राहिली. 1875 मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबर्न इथे जॉर्ज ब्रूस्टर हा 11 वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकला आणि दगावला. त्याच्या मालकाला सहा महिने सक्तमजुरी झाली आणि समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नांनी त्याच वर्षी संसदेत कायदा झाला. तिच्या पोटात वाकून मान वर केली की मला तो मुलगा आठवतो. धुराडं साफ असणं ही हौस नाही, हे इतक्या मोठ्या किमतीत शिकलेलं आहे.

मग तिचे दिवस फिरले. 5 ते 9 डिसेंबर 1952 या दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचं असं काही धुकं बसलं की त्यात हजारो माणसं मेली. 1956 मध्ये शुद्ध हवेचा कायदा आला, शहरांत धूरबंदीचे भाग ठरले. पाठोपाठ गॅसचे हीटर आले, रेडिएटर आले. बीबीसीवर बॅरी बक्नेल नावाचे गृहस्थ घरच्या घरी दुरुस्त्या कशा कराव्यात ते दाखवत. नक्षीच्या दारांवर सपाट हार्डबोर्ड ठोकायचा आणि जुन्या फायरप्लेस झाकायच्या, ही त्या काळची आधुनिकता. घरोघर या बायकांची तोंडं बंद झाली. आमचीही. आम्ही घर घेतलं तेव्हा तिच्या पोटावर एक करडी पाटी ठोकलेली होती, पाटीपुढे जुना गॅसचा हीटर आणि सराउंडवर साय धरावी तसा पिवळट रंगांचा थरावर थर.

अशी पाटी दिसली की माणसाचा हात आपोआप पहारीकडे जातो. तिथेच थांबायचं. 1960-70 च्या दशकांत फायरप्लेस झाकायला वापरलेल्या पाट्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. पाटी अखंड असते तोवर ती निमूट असते. ती फोडली, कापली, भोक पाडलं की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात, फुप्फुसात बसतात, आणि आजार उमटतो तो काही दशकांनी. ब्रिटनमध्ये निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर 1985 मध्ये बंदी आली, पांढऱ्यावर 1999 मध्ये. त्यामुळे त्याआधी हात लागलेल्या कुठल्याही घरात संशय धरायलाच हवा. नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. जाणकाराकडून नमुना घ्यायचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचा. आमच्या पाटीत तो निघाला. परवानाधारक माणसं आली, खोलीचा तो भाग प्लास्टिकने बंदिस्त केला, पाटी न मोडता सोडवून दुहेरी वेष्टनात बांधून नेली. त्याआधी नोंदणीकृत गॅस इंजिनिअरने हीटर काढून नळी बंद केलेली होती. गॅसच्या नळीला दुसऱ्या कुणी हात लावणं इथे कायद्याने गुन्हा आहे आणि तो कायदा योग्य आहे. या सगळ्यात वेळ गेला, पैसे गेले. त्यातला एक पेनीही मला जड वाटला नाही.

पाटीमागून ती बाहेर आली ती काजळीत माखलेली, पोटात विटांचे तुकडे, चुन्याचा चुरा आणि भाराभर काटक्या. काटक्या जॅकडॉच्या. हा कावळ्याच्या कुळातला छोटा पक्षी. धुराड्यात काटक्या टाकत राहतो, त्या अडकल्या की त्यावर घरटं करतो. घरटं चालू असेल तर ते काढायला 1981 च्या वन्यजीव कायद्याची बंदी आहे. पिल्लं उडून जाईपर्यंत माणसाने थांबायचं. आमचं घरटं जुनं, रिकामं होतं.

आता तिचा चेहरा. सराउंडवरच्या त्या थरांच्या तळाशी असलेला रंग शिशाचा असणार हे जुन्या घरात गृहीत धरावं. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य विक्रीतून शिशाचा रंग पूर्णपणे गेला तो 1992 मध्ये. कोरडा पॉलिश पेपर मारला की शिशाची धूळ घरभर होते, फार तापवलं की वाफ होते, आणि दोन्ही लहान मुलांच्या मेंदूला घातक आहेत. म्हणून ओला लेप: थापायचा, वर कागद चिकटवायचा, रंग मऊ झाला की ओला असतानाच खरवडून पिशवीत भरायचा. मुलांना त्या खोलीकडे फिरकूही द्यायचं नाही, गरोदर बाईला तर नाहीच. साध्या कापडी मास्कचा इथे उपयोग नसतो. बारीक धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा लागतो. झाडूने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने टिपायचं. शिवाय तिच्या बाबतीत आणखी एक नाजूक गोष्ट होती. रंगाखाली भाजलेल्या संगमरवरी शिरा असतील तर तीव्र रसायनाने त्याही निघून जातात. मँटलखालचा, कुणाला न दिसणारा एक कोपरा आधी करून पाहिला. शिरा होत्या: काळ्यावर तांबूस, मध्ये एखादी हिरवी. इतक्या वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा कारागिराने हाताने ओढलेल्या त्या रेषा उजेडात आल्या तेव्हा घरातली सगळीच माणसं थोडा वेळ गप्प होती.

तिच्या वजनाविषयी मात्र सावध करायला हवं. ती भिंतीत रुजलेली दिसते, पण सराउंड बहुधा दोन-चार लोखंडी कानांवर आणि गिलाव्यावर तोललेलं असतं. कानांवरचा गिलावा फोडला की दगडाची किंवा बिडाची ती अवजड चौकट पुढे यायला मोकळी होते. मँटलची फळी तर कित्येकदा नुसती वर टेकवून सांधलेली असते. एकट्याने हात घालायचा नाही, आधी टेकू द्यायचा, आणि परत बसवताना प्रत्येक कान भिंतीत पक्का करून मगच गिलावा करायचा. तिला धरून उभं राहू पाहणारं रांगतं मूल घरात असेल तर ही गोष्ट आधी.

मला तिच्या सगळ्या अंगांत हार्थ सर्वांत थोर वाटते. चेहऱ्याचं कौतुक होतं, धुराड्याची भीती असते, हार्थला कुणी विचारत नाही. निखारा उडून पडतो तो तिच्यावर. रात्रभर धुमसणारी उष्णता खाली झिरपते ती तिच्यात. आणि तिच्याखाली, अवघ्या काही इंचांवर, जुन्या घरात लाकडी वासे असतात. म्हणून हार्थ म्हणजे दिसणाऱ्या टाइल्स नव्हेत. टाइल्सच्या खालचा जाड, न जळणारा भराव म्हणजे हार्थ. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत तिची मापं दिलेली आहेत: जाडी निदान 125 मिलिमीटर, तोंडाच्या पुढे निदान 500 मिलिमीटर, दोन्ही बाजूंना निदान 150 मिलिमीटर. तिची कड नुसत्या नजरेला कळली पाहिजे, उंचवट्याने किंवा वेगळ्या फरशीने, म्हणजे कुणी गालिचा तिच्यावर ओढणार नाही. हौशी दुरुस्त्यांमध्ये नेमकी हिचीच कत्तल होते. खोली मोठी दिसावी म्हणून जुनी हार्थ उखडतात आणि लाकडी फळ्या थेट तोंडापर्यंत नेतात. किंवा भेगाळलेल्या हार्थवर प्लायवूड ठोकून त्यावर देखण्या टाइल्स चिकटवतात. वरून पाहणाऱ्याला ती हार्थच वाटते. प्रत्यक्षात ते न जळणाऱ्या पातळ कातडीखाली लपवलेलं जळण असतं. उष्णतेने रोज थोडं थोडं भाजलेलं लाकूड हळूहळू कमी तापमानालाही पेट घेऊ लागतं, आणि एके दिवशी ठिणगी न पडताही फळीखाली धुमसायला लागतं. आमच्या हार्थच्या दोन टाइल्स काढून आम्ही खालचा भराव पाहिला, जाडी मोजली, वासे कुठे संपतात ते बघितलं. वरच्या मजल्यावरच्या धाकट्या बहिणींच्या हार्थ विटांच्या लहानशा कमानीवर तोललेल्या आहेत, त्यांच्यावर जास्त भार टाकायचा नाही हेही तेव्हाच कळलं. फुटक्या टाइल्सच्या जागी जुन्या सामानाच्या वखारीतून त्याच मापाच्या आणल्या. उष्णता सोसणारं चिकटद्रव्य वापरलं, आणि कापायच्या त्या पाण्याची धार धरून कापल्या. टाइल आणि दगडाच्या धुळीतली सिलिका फुप्फुसाला ॲस्बेस्टॉसइतकीच नकोशी.

पाठ म्हणजे फायरबॅक, भाजलेल्या अग्निमातीची. तडकलेली होती, बदलली. त्यात गवंड्याच्या शहाणपणाचं एक सुंदर उदाहरण आहे. नवी पाठ आडवी दोन तुकड्यांत बसवतात, कारण खालचा तुकडा वरच्यापेक्षा जास्त तापतो आणि दोघांना आपापलं फुगायला जागा लागते. पाठीमागची पोकळी हलक्या काँक्रीटने भरण्याआधी नालीदार पुठ्ठ्याचा एक थर ठेवतात. पहिल्या आगीत पुठ्ठा जळून जातो आणि त्याच्या जाडीएवढी फट उरते, तीच पाठीला श्वास घ्यायला पुरते. फट न ठेवता घट्ट भरलेली पाठ तडकते. जुन्या पाठीच्या कडेने दोरी भरलेली असेल तर तीही तपासून घ्यायची. त्या दोऱ्याही पुष्कळदा ॲस्बेस्टॉसच्याच.

धुराड्याच्या आत मात्र आपली एक ओळखीची गोष्ट निघाली. जुन्या इंग्लंडात धुराड्याच्या विटांवर आतून चुना आणि गायीचं शेण यांचा लेप देत. विटांच्या सांध्यांतून धूर झिरपू नये आणि आतली बाजू गुळगुळीत राहावी म्हणून. आमच्याकडे आजीच्या हाताखाली सारवलेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या लेपाचं मर्म सांगावं लागणार नाही. पण कोळशाच्या आम्लाने तो लेप दशकानुदशकं खाल्ला जातो, गळून पडतो, आणि शेजारशेजारच्या धुराड्यांमधली एका विटेची भिंत उघडी पडते. धुराडं साफ करणाऱ्याने ब्रश फिरवून काजळी काढली आणि मग धुराची गोळी पेटवून परीक्षा घेतली. खालून धूर सोडला आणि तो वरच्या झोपायच्या खोलीत, बहिणीच्या तोंडातून बाहेर आला. आगीचा धूर निदान दिसतो तरी. त्याच वाटेने येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

मग निर्णय घ्यायची वेळ आली. आतून नवी नळी घालून तिला पुन्हा पेटती करता आली असती. आम्ही नको म्हटलं. उघड्या आगीची बहुतेक उष्णता धुराड्यातून वर जाते, आणि तिच्या धुरातले सूक्ष्म कण आमच्याच नव्हे तर ओळीतल्या सगळ्यांच्या फुप्फुसात. इंग्लंडमध्ये पारंपरिक दगडी कोळशाची घरगुती विक्री 2021 ते 2023 या काळात बंद झाली, थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडातही ओलावा 20 टक्क्यांपर्यंतच चालतो. हे नियम मला कडक वाटत नाहीत, उशिरा आलेले वाटतात. पण न पेटवणं म्हणजे गाडून टाकणं नव्हे. धुराडं दोन्ही टोकांनी बंद केलं तर आत ओल साठते, जुन्या काजळीतले क्षार पाणी ओढतात आणि भिंतीवर तपकिरी डाग फुटतात. म्हणून वर पाऊस अडवणारी, हवा जाऊ देणारी टोपी बसवली आणि खाली तिचं तोंड मोकळं ठेवलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तरीही लावला आहे, छताला, भिंतीपासून 300 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतरावर. शेजारचं धुराडं आमच्या धुराड्याला लागून आहे आणि ते पेटतं.

बिडाला पुन्हा काळं पॉलिश चढलं, स्लेटला तेलाचा हात फिरला. गणपती बसतो तो अजूनही शेजारच्या कोनाड्यात, आरास मात्र मँटलपर्यंत पसरते. दिवाळीच्या पणत्या आम्ही हार्थवर मांडतो. तिच्याइतकी भरवशाची जागा लाकडी फरशीच्या या घरात दुसरी नाही.

महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांतही तिच्या जातीच्या पुष्कळ जणी आहेत, आणि परदेशात घर घेणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या दिवाणखान्यात आहेत. तुमच्याकडे ती असेल तर माझं एवढं ऐका. टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी धुराडं साफ करणाऱ्याला बोलवा आणि धुराची परीक्षा करून घ्या. पाटीला आणि रंगाला तपासणीआधी हत्यार लावू नका. हार्थची जाडी मोजा, तिच्याखाली काय आहे ते डोळ्यांनी बघा. ही कामं झाल्यावर चेहऱ्याला कुठला रंग द्यायचा ते खुशाल घरच्यांनी बसून ठरवा.